बीचखालची कोरडी सावली

जानेवारी हा इंग्लंडमधल्या माळीकामाचा रिकामा महिना. केंट परगण्यात तेव्हा सूर्य चारच्या सुमाराला मावळतो, हिरवळीवर पाय ठेवला की चिखल वर येतो, आणि गुलाबांची छाटणी, कुंपणाची डागडुजी, अवजारांना धार लावणं यांतच दिवस निघतो. तासांच्या हिशेबाने पैसे मिळणाऱ्यांना हा महिना अंगावर येतो. आणि नेमक्या याच महिन्यात, जुन्या बीच वृक्षांच्या बुंध्याशी, जिथे बारा महिने गवतसुद्धा धरत नाही अशा जागी, बोटभर उंचीची राणी रंगाची फुलं उघडतात. बर्फ पडला तर त्यातून डोकी वर काढतात आणि मार्च उजाडेपर्यंत टिकतात. सायक्लेमन कोअम हे त्या झाडाचं नाव.

केंटमधल्या काही घरांच्या बागा सांभाळणाऱ्या एका मराठी बाईंच्या कामात या फुलांनी चांगलाच जम बसवला आहे. बाई मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या. लग्नानंतर इंग्लंडला गेल्या, मुलं शाळेत जायला लागल्यावर उद्यानविद्येचं प्रमाणपत्र घेतलं आणि मग दुसऱ्यांच्या बागांत खुरपं हातात धरलं. गिऱ्हाइकं बहुतेक निवृत्त, घरं जुनी, बागा लांबट आणि जवळजवळ प्रत्येक बागेच्या टोकाला एखादं मोठं झाड. त्या झाडाखालची जागा हे प्रत्येक मालकाचं दुखणं. ‘इथे काहीच येत नाही हो,’ हे वाक्य बाईंनी इतक्यांच्या तोंडून ऐकलं आहे की आता त्या मालकाचं बोलणं पुरं होण्याआधीच वर फांद्यांकडे बघायला लागतात.

वर बघण्यात कारण आहे. झाडाखालची सावली एकाच जातीची नसते. सदाहरित झाडाखाली बारा महिने अंधार. पानगळीच्या झाडाखाली मात्र वर्षाचे दोन भाग पडतात. बीचची पानं मेच्या सुरुवातीला फुटतात आणि उन्हाळाभर इतकं दाट छत धरतात की खाली उजेडही पोचत नाही आणि पावसाची बारीक सरही नाही. जे थोडं पाणी झिरपतं ते बीचची उथळ, जाळीदार मुळं पिऊन टाकतात. हीच ती कोरडी सावली, जिच्यापुढे बागेच्या पुस्तकांतली निम्मी झाडं हात टेकतात. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात पानं गळली की चित्र उलटं होतं. नागड्या फांद्यांमधून तिरपं ऊन थेट जमिनीवर येतं, पाऊस पोचतो, माती ओलावते. एप्रिल संपेपर्यंत ही जागा बागेतल्या बऱ्या जागांपैकी एक असते. प्रश्न एवढाच, की त्या सहा महिन्यांत जगायला तयार असलेलं झाड हवं.

कोअमचं वेळापत्रक नेमकं हेच. शरदात पानं येतात: गोल, मूत्रपिंडाच्या आकाराची, कधी गडद हिरवी, कधी चांदीचा मुलामा दिल्यासारखी. डिसेंबरच्या अखेरीपासून फुलं. मे महिन्यात पानं पिवळी पडून नाहीशी होतात आणि कंद जमिनीखाली झोपी जातो. वर बीच जागा होतो तेव्हा खाली हा निजतो. यात योगायोग नाही. काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर, तुर्कस्तानच्या उत्तरेकडच्या डोंगरांत, कोअम रानात उगवतं ते बीच, हेझल आणि हॉर्नबीमच्या खालीच. बल्गेरिया, क्रिमिया, कॉकेशस अशी त्याची वस्ती पसरलेली आहे. इंग्लंडमधला बीच वेगळ्या जातीचा असला तरी कुटुंब तेच, सवयी त्याच. म्हणजे केंटमधल्या मालकाला जी जागा बागेचा डाग वाटते, ती कोअमच्या दृष्टीने माहेर असते.

ही समजूत बाईंना पुस्तकातून आली असं म्हणता येणार नाही. कोकणात वाढलेल्या माणसाला कंदाची झोप ठाऊक असते. पहिल्या पावसाबरोबर सुरणाचा कोंब वर येतो, पावसाळाभर छत्रीएवढं पान मिरवतो आणि दिवाळीच्या आसपास पान लवंडतं. परसात मग तिथे काहीच दिसत नाही, पण घरातलं कुणी ‘सुरण मेला’ असं म्हणत नाही. कातळसड्यावरची कित्येक रानफुलं अशीच पावसापुरती वर येतात आणि आठ महिने खाली दडून राहतात. फरक एवढाच, की कोकणात कोरडे महिने हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत पसरलेले असतात आणि भूमध्य समुद्राच्या भोवताली कोरडा असतो तो उन्हाळा. कोरड्या दिवसांत कंदात शिरून बसायचं, हा शहाणपणा दोन्हीकडे सारखाच.

इंग्रज मालकांना हे पटवायला मात्र वेळ जातो. एका बागेतल्या वृद्ध मालकीणबाईंनी जूनमध्ये फोन करून सांगितलं, की तुम्ही लावलेलं सगळं मेलं, पैसे वाया गेले. बाईंनी शांतपणे उत्तर दिलं, ‘मेलं नाही, झोपलंय. त्याला उठवू नका, पाणीही घालू नका.’ मालकीणबाईंनी विश्वास ठेवला नाही, पण पाणी घालायचंही टाळलं. नोव्हेंबरात पानं दिसली तेव्हा त्यांचा फोन आला नाही. पण पुढच्या भेटीत चहाबरोबर केकचा तुकडा जरा मोठा होता.

सगळ्या बागांत असं घडतं असं नाही. एका ठिकाणी मालकाने हिरवळीसाठी स्वयंचलित फवारे बसवले, त्यांचा एक झोत चेरीच्या झाडाखालपर्यंत जायचा. दोन उन्हाळे रोज पहाटे पाणी मिळालं आणि चांगले रुजलेले कंद कुजून गेले. दुसरीकडे पानं उडवायच्या यंत्राने दुसऱ्याच कामगाराने पाचोळ्याबरोबर वरची भुसभुशीत मातीही उडवली, कंद उघडे पडले आणि खारींनी ते उकरून फेकले. या राखाडी खारी इथल्या नव्हेतच. अमेरिकेतून आणून १८७६ साली चेशरमध्ये सोडलेल्या जोडीपासून त्यांचा इंग्लंडमधला इतिहास सुरू होतो असं सांगतात, आणि माळीकाम करणाऱ्या कुठल्याही माणसापुढे हा विषय काढला तर तासभर बोलणं होतं. बाईंचा उपाय साधा: नव्या लागवडीवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी सपाट अंथरायची, कडा मातीत दाबायच्या आणि पानं जाळीतून वर आली की वर्षभराने ती काढून घ्यायची.

खरं तर कोअमच्या बाबतीत माळीकामाचा मोठा भाग काही न करण्याचाच आहे, आणि तासावर पैसे घेणाऱ्या माणसाला तो समजावून सांगणं अवघड जातं. खत नको. उन्हाळ्यात पाणी नको. खुरपणी नको. जाड आच्छादन नको. आजकाल प्रत्येक वाफ्यावर झाडांच्या सालींचा ढपलाभर थर टाकायची फॅशन आहे, त्याखाली कोअमची कोवळी रोपं गुदमरतात. एकच काम मात्र वेळेवर करावं लागतं. नोव्हेंबरात पानगळ संपत आली की मोठी, चिवट पानं हाताने उचलून घ्यायची. हॉर्स चेस्टनट आणि सिकॅमोरची पानं ओली होऊन एकमेकांना चिकटतात आणि खाली कोअमची पानं सडतात. बीचची पानं लहान असली तरी कुजायला फार वेळ घेतात. यंत्र लावता येत नाही, कारण तोवर कोअमच्या कळ्या जमिनीलगत वळून बसलेल्या असतात. गुडघ्यांखाली रबरी गादी घेऊन, थंडीने बोटं वाकत नसताना, एकेक मूठ पाचोळा उचलायचा. हाच पाचोळा बाई बागेच्या कोपऱ्यात जाळीच्या पिंजऱ्यात साठवतात. दोन वर्षांत त्याचं काळं, भुरभुरीत, जंगलाच्या वासाचं खत होतं आणि ते झाडं झोपलेली असताना, जुलै-ऑगस्टमध्ये, बोटाच्या एका पेराएवढं वरून पसरायचं. बाईंच्या मते कोअमला यापलीकडे कुठलंही खाद्य लागत नाही.

लागवडीची गोष्ट निराळी. तिथे कष्ट आहेत. बीचखाली फावडं चालत नाही. ठिकठिकाणी मूळ आडवं येतं. मुळं तोडली तर झाडाला इजा, आणि त्यांवर मातीचा ढीग घातला तर बीचचा श्वास कोंडतो. म्हणून हातातल्या छोट्या खुरप्याने मुळांच्या मधल्या बेचक्या शोधायच्या, त्यांतली दगडगोटी काढून तिथे पाचोळ्याचं खत घालायचं आणि एकेक रोप बसवायचं. कोअमच्या कंदाची मुळं तळातून फुटतात, त्यामुळे कंद तीनेक सेंटिमीटर मातीखाली गेला तरी चालतं. त्याचाच शरदात फुलणारा भाऊ, सायक्लेमन हेडेरिफोलियम, याचं उलटं: त्याची मुळं कंदाच्या वरच्या अंगाने आणि कडांनी फुटतात. दोघांचे सुके, पानं नसलेले कंद शेजारी ठेवले तर भलेभले फसतात आणि कंद उलटा पुरतात. हेडेरिफोलियमची पानं आयव्हीसारखी कोनदार, मोठी आणि दाट. त्याचा कंद वर्षानुवर्षं वाढत ताटलीएवढा होतो. दोघं एकाच वाफ्यात लावली की काही वर्षांत भाऊ कोअमला दाबून टाकतो. म्हणून बाई त्यांना बागेच्या दोन टोकांना ठेवतात: भाऊ कुंपणाच्या कोरड्या बाजूला, कोअम बीचच्या बुंध्याशी.

इथे एक घोटाळा सांगायलाच हवा. सप्टेंबर-ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या सुपरमार्केटांच्या दाराशी सायक्लेमनच्या कुंड्यांच्या रांगा लागतात. फुलं टपोरी, किंमत कमी. लोक त्या नेऊन झाडाखाली लावतात आणि पहिल्या कडक थंडीत त्यांचा चोथा होतो. ते सायक्लेमन पर्सिकमच्या वंशातलं, घरात ठेवायचं झाड. पुण्या-मुंबईतल्या नर्सऱ्यांत थंडीच्या दिवसांत कधीमधी दिसतं तेही हेच. नावात पर्शिया असलं तरी ते इराणातलं नाही. तुर्कस्तानच्या दक्षिणेपासून लेबनॉन-इस्रायलपर्यंतच्या किनारी प्रदेशातलं आहे आणि गोठणारी थंडी त्याला सोसत नाही. कोअमची जात वेगळी. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या थंडी सोसण्याच्या मोजपट्टीवर ते एच-५ या पायरीवर आहे, म्हणजे शून्याखाली दहा ते पंधरा अंशांपर्यंतचा गारठा ते बाहेर उघड्यावर काढू शकतं. कडक दंव पडलेल्या सकाळी त्याची पानं आणि देठ जमिनीवर आडवे पडलेले दिसतात. नवखा माणूस हळहळतो. ऊन वर येऊन दंव वितळलं, की दुपारपर्यंत सगळी ताठ उभी.

रंगाबद्दल बाईंचं ठाम मत आहे, आणि ते गिऱ्हाइकांच्या मताशी नेहमीच जुळतं असं नाही. कोअम पांढऱ्यापासून फिक्या गुलाबीपर्यंत मिळतं, पण त्याचा मूळ स्वभाव राणी रंगाचा. पाकळीच्या बुडाशी गडद डाग, मागे वळलेल्या आखूड पाकळ्या, ठेंगणा बांधा. सभ्य इंग्रजी बागेत हा रंग जरा भडक समजला जातो. पांढरंशुभ्र फूल आणि चांदीसारखं पान असलेला ‘मॉरिस ड्रायडन’ हा प्रकार त्यामुळे अनेकांना आवडतो आणि तो सुंदर आहेच. पण बाईंना विचाराल तर राणी रंगाच्या कोअमशेजारी पिवळा विंटर ॲकोनाइट लावावा. मालक कचरतात. लग्नात राणी आणि पिवळा एकाच शालूत बघितलेल्या माणसाला त्यात कचरण्यासारखं काय आहे, हे बाईंना अजून कळलेलं नाही.

फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये लोक स्नोड्रॉप बघायला म्हणून प्रवास करतात. ग्लॉस्टरशरमधलं कोल्सबोर्न पार्क त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या हेन्री जॉन एल्विसने १८७४ साली तुर्कस्तानातून आणलेल्या स्नोड्रॉपला पुढे त्याचंच नाव मिळालं. त्या पांढऱ्या गर्दीत मधेच कोअमचे गुलाबी पट्टे दिसतात, आणि दोन्ही एकत्र लावावीत असा मोह प्रत्येकाला होतो. बाई सावधगिरी सांगतात: स्नोड्रॉपचे गुच्छ दाट होत जातात, त्यांची पानं मार्चमध्ये लांब वाढून कोअमवर आडवी पडतात. म्हणून कोअमला अगदी बुंध्याजवळ, जिथे स्नोड्रॉपला पाणी पुरत नाही तिथे जागा द्यावी. एसेक्समधल्या बेथ चॅटो (१९२३–२०१८) यांनी जन्मभर हेच सांगितलं, की जागा बदलण्यापेक्षा त्या जागेला मानवणारं झाड शोधा. त्यांची बाग इंग्लंडच्या कोरड्या पट्ट्यात आहे. तिथली खडीची बाग जुन्या वाहनतळाच्या जागी उभी केलेली आणि पाणी न घालता वाढवलेली. ती बघून आल्यावर झाडाखालच्या कोरड्या जागेबद्दल तक्रार करायची सोय राहत नाही.

कोअमचं सगळ्यात मजेशीर रूप मात्र फुलाचं नाही, फळाचं. फूल फळलं की देठ हळूहळू वेटोळं घालत जातो आणि बोंडाला ओढून जमिनीशी आणून ठेवतो. जूनच्या सुमाराला बोंड उकलतं. आतल्या तपकिरी बियांवर गोडसर, चिकट लेप असतो, आणि त्या लेपासाठी मुंग्या बिया उचलून वारुळाकडे नेतात, लेप खातात आणि बी टाकून देतात. बीला एवढंच हवं असतं. म्हणून काही वर्षांनी कोअम भलत्याच ठिकाणी दिसायला लागतं: फरशीच्या फटीत, दगडी भिंतीच्या पायथ्याशी, गोठ्यामागच्या वाटेवर. पहिल्या वर्षी एका रोपाला एकच पान असतं, मुगाच्या पानाएवढं, आणि त्याखाली मोहरीएवढा कंद. तण समजून ते उपटलं जाण्याची शक्यता भरपूर. बाई आपल्या मदतनीस मुलाला पहिल्या दिवशी हेच पान दाखवतात. बाकीची झाडं नंतर.

मुंग्यांवर सगळं सोपवायचं नसेल तर बी स्वतः पेरता येतं, आणि बाई पेरतात. बोंड तडकण्याच्या बेतात असताना बी घ्यायचं, कारण वाळून कडक झालेलं बी उगवायला फार आळस करतं. तसं असेल तर कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून रात्रभर भिजवायचं. मग कुंडीत पेरून वर बारीक खडी पसरायची आणि कुंडी अंधाऱ्या, गार जागी ठेवायची, कारण उजेडात हे बी उगवायला कुरकुरतं. थंडी पडता पडता कोंब दिसतात. फूल यायला साधारण दोन-तीन वर्षं. कुंडीत वाढवताना एकच शत्रू खरा: व्हाइन वीव्हिल या भुंग्याची पांढुरकी, वाकडी अळी कंद आतून पोखरते आणि वरून पत्ता लागत नाही. ऑगस्टअखेरीस माती उबदार असताना सूत्रकृमी पाण्यात मिसळून घालणं हा त्यावरचा चालणारा उपाय आहे. आणि घरात कुत्रं किंवा लहान मूल असेल तर कंद त्यांच्या तोंडी लागू देऊ नये, तो विषारी आहे.

पेरण्याचा हट्ट केवळ हौसेचा नाही. सायक्लेमनच्या कंदांचा व्यापार बराच काळ रानातून उकरलेल्या कंदांवर चालला. तुर्कस्तानच्या डोंगरांतून पोत्यांनी कंद निघायचे, युरोपातल्या दुकानांत सुके, सुरकुतलेले विकले जायचे आणि त्यांतले बरेच कधी फुटायचेच नाहीत. सायक्लेमनच्या सगळ्या जाती १९७५ सालीच वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, म्हणजे साइट्सच्या, दुसऱ्या परिशिष्टात आल्या. त्यानंतर परवान्याशिवाय सीमेपलीकडे व्यापार करता येत नाही. तुर्कस्तानातल्या गावांत रानाऐवजी शेतात कंद वाढवण्याचे प्रयत्नही झाले. इंग्लंडमध्ये १९७७ साली स्थापन झालेली सायक्लेमन सोसायटी आपल्या सभासदांना बी वाटते, म्हणजे रानाला हात न लावता झाड मिळवायचा रस्ता खुला आहे. आज बऱ्या नर्सऱ्यांत मिळणारी कोअमची रोपं बियांपासून वाढवलेली असतात. पण स्वस्त पाकिटांतल्या सुक्या कंदांबद्दल बाईंचा संशय गेलेला नाही. कायद्याचा मुद्दा बाजूला ठेवला तरी हिशेब साधा आहे: सुक्या कंदांतले किती जगतील याची खात्री नाही, आणि कुंडीत फुललेलं एक रोप दरवर्षी स्वतःहून बी टाकतं.

युरोपात किंवा उत्तर अमेरिकेच्या सौम्य थंडीच्या भागात राहणाऱ्या, दारामागे एखादं पानगळीचं झाड असलेल्या मराठी वाचकाने हे करून बघायला हरकत नाही. महाराष्ट्रात मात्र त्याच्या नादी लागू नये. आपल्याकडचा उन्हाळा त्याला पेलणार नाही. घ्यायचं ते जानेवारी-फेब्रुवारीत, फूल आणि पान दोन्ही डोळ्यांनी पाहून, आणि ते लगेच जमिनीत लावायचं. विकणाऱ्याला विचारायचा प्रश्न एकच: हे बियांपासून वाढवलेलं आहे का? उत्तर द्यायला तो घुटमळला तर दुसऱ्या नर्सरीत जावं.